माझ्या माघारीची ड्रिल

आयुष्यात मला शिट्टी वाजवून गप्प बसवणारा एकच माणूस भेटला. तोही पहिल्याच भेटीत, पेशंटच्या देखत, आणि फिजिओथेरपीची डिग्री नुकतीच पदरात पडल्यामुळे माझं नाक भलतंच वर असताना.

द्वारका चौकापासून रिक्षाने दहा मिनिटांवरच्या एका कॉलनीत मला घरी जाऊन व्यायाम करून घेण्याचं काम मिळालं होतं. पेशंट सव्वीस वर्षांचा, नाव मिलिंद. हायवेवर बाइक घसरून डोक्याला मार लागलेला, तीन आठवडे बेशुद्ध होता, काही महिन्यांपूर्वी घरी आणलाय, उजवी बाजू कमजोर आहे, एवढीच माहिती माझ्याजवळ होती. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. साठीतला, काटक, सावळा माणूस. इस्त्रीची खाकी पँट, पांढरा बनियन आणि गळ्यात काळ्या दोरीला लोंबणारी पितळी शिट्टी. मी आत गेले आणि कॉटवर बसलेल्या मुलाकडे बघून, आम्हाला शिकवलेलं असतं तसं तोंडभर हसून म्हणाले, "काय मिलिंद, आज वार कोणता, सांग बरं?"

शिट्टी वाजली. त्या एवढ्याशा खोलीत ती इतकी जोरात वाजली की माझ्या हातातली पर्स खाली पडली. मिलिंद मात्र ढिम्म बसून होता.

"परीक्षा घेऊ नये," वडील म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली लाल ऑइलपेंटने तीन ओळी लिहिल्या होत्या. परीक्षा घेऊ नये. घाई करू नये. खोटं बोलू नये. "आज मंगळवार आहे हे तुम्हाला माहितीये ना, मॅडम? मग त्याला सांगा, मिलिंद, आज मंगळवार आहे. विचारता कशाला? ज्याच्याकडे नाही त्याच्याकडेच मागायचं, ही कुठली रीत?"

मला सणसणून राग आला. घरी जाऊन आईला म्हटलं, "पोराच्या नाही, त्या म्हाताऱ्याच्याच डोक्याला मार लागलाय." दुसऱ्या दिवशी जाणार नव्हते. गेले, कारण मिलिंदचा उजवा खांदा आखडत चालला होता आणि ते माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. मग पुढे सहा वर्षं जातच राहिले.

काकांनी उभी हयात फायर ब्रिगेडमध्ये काढली होती. मी त्यांना काका म्हणायचे. ते खूश असले की मला 'पोरी' म्हणायचे आणि चिडले की 'मॅडम'. त्यामुळे पहिलं दीड वर्ष मी मॅडमच होते. त्यांच्या जगात दोनच गोष्टी होत्या, कॉल आणि ड्रिल. कॉल म्हणजे संकट. ते कधी येईल ते आपल्या हातात नाही. ड्रिल म्हणजे त्याची तयारी, ती आपल्या हातात. मिलिंदला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली, पुढची तारीख दिली आणि "काळजी घ्या" म्हणून सांगितलं. "काळजी घ्या म्हणजे काय करा?" हे काकांनी विचारलं, तर पुढचा पेशंट आत आला. तिथून त्यांचं डोकं फिरलं ते फिरलंच. मेंदूच्या दुखापतीवर मिळेल ते वाचायचं, मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघायचे, न कळलेला शब्द वहीत उतरवून कुठल्या तरी डॉक्टरला बाहेर बाकावर बसून गाठायचं, असं त्यांनी दोन वर्षं केलं. मला कॉलेजात जे एका तासात उरकून शिकवलं होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. हे कबूल करायला मला फार दिवस लागले.

मिलिंदचं असं होतं की अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंतचं त्याला सगळं आठवायचं. कॉलेज, क्रिकेट, आईचं आजारपण आणि ती गेली तो दिवससुद्धा. त्यानंतरचं काही टिकत नव्हतं. सकाळी खाल्लेले पोहे दुपारी गेलेले असायचे. मी रोज दहाला जायचे आणि रोज तो मला विचारायचा, "तुम्ही नवीन का?" मी रोज माझं नाव आणि काम सांगायचे. दीड वर्षाने कधीतरी ते विचारणं थांबलं. नाव त्याला कधीच आलं नाही, पण मला पाहिल्यावर तो आपण होऊन शर्टाची बाही वर करायला लागला आणि 'मॅडम' म्हणायला लागला. मी आनंदाने काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मग? रोज तेच, त्याच शब्दांत, न चुकता. डोकं विसरतं, पोरी. पण पाझरतं काहीतरी खाली." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोरी झाले.

परीक्षा न घेण्याचंही कारण तेच होतं. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच अशा माणसाच्या मनात घट्ट बसतं, म्हणून त्याला चुकूच द्यायचं नाही, आधी सांगून टाकायचं. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची पद्धतच अशी की उंबऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य, "ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" प्रेमानेच विचारतात. आणि असं अचानक विचारल्यावर ओळखीचंही नाव चुकलं की त्याच्यासमोरच पदर डोळ्यांना लावतात. मिलिंदचे मामा देवळ्याहून आले, ते असेच. हातात फळांची पिशवी, दारातूनच आवाज, "काय भाच्या, वळखलं का?"

शिट्टी. काकांनी साक्षात मेहुण्याला बाहेर काढलं. "बाहेर जा. परत आत या. येताना म्हणा, मिलिंद, मी तुझा मामा, देवळ्याहून आलोय."

"दाजी, लय झालं तुमचं. मी काय इलेक्शनला उभा हाय का, दारात नाव सांगायला?"

"भाच्याला भेटायचंय का नाही?"

मामा तणतणत जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि पाठ केल्यासारखं बोलले. मिलिंदचा चेहरा एकदम मोकळा झाला. "या मामा. कांदा काढला का?" मामांच्या हातातली पिशवी तशीच राहिली आणि ते भाच्याच्या शेजारी बसून हमसून रडले. त्या रडण्याला मात्र काकांनी शिट्टी वाजवली नाही.

दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये काकांचा वर्ग असायचा. ज्यांच्या घरात डोक्याला मार लागलेलं माणूस आहे अशांसाठी. मालेगाव, चांदवड, सिन्नर, कुठून कुठून माणसं यायची. पेशंटला आणायला बंदी होती. "त्याला काय शिकवायचं, त्याला येतंय तेवढं तो करतोय. तुम्हाला येत नाही." मग ते या सगळ्यांच्या हातांत लोकरीचे मोजे घालायचे, समोर मोठ्याने रेडिओ लावायचे, दोघांना दोन्ही कानांशी वेगवेगळं बोलायला सांगायचे आणि शर्टाची बटणं लावायला लावायचे. माणसं घामाघूम व्हायची. "आता कुणी तुमच्यावर ओरडलं, अरे एवढं साधं येत नाही का, तर काय कराल?" एक तरणाबांड मुलगा म्हणाला, "कानाखाली वाजवीन." काका म्हणाले, "तुझा भाऊ तेच करतो ना? मग त्याला वेडा कशाला म्हणतोस?"

भिंतीवरची दुसरी आज्ञा, घाई करू नये, म्हणजे हात मागे. पेशंट काही करत असला की जवळच्याने आपले हात पाठीमागे बांधायचे आणि मनात दहा मोजायचे. मदत करायची ती दहा झाल्यावर. आपल्या बायकांना हे फार जड जायचं. नवऱ्याचा घास खाली सांडतोय आणि आपण मागे हात बांधून बघायचं. मलाही जड जायचं. काकांना किती जड जात असेल ते मी कधी विचारलं नाही, पण मिलिंद स्वयंपाकघरात चहा करत असला आणि गॅसशी त्याचा हात थरथरला की मागे उभ्या काकांची बोटं एकमेकांत इतकी रुतायची की नखं पांढरी पडायची.

एकदा वर्गात मालेगावकडची एक बाई उभी राहिली. नवरा यंत्रमागावर होता, जिन्यावरून पडला होता. तिने विचारलं, "सर, हे पहिल्यासारखे कधी होतील?" हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न होता, त्यामुळे सगळे सावरून बसले. काकांनी हातातली शिट्टी सोडली. "आपा, तो पहिल्यासारखा होणार नाही. चांगला होईल, पण वेगळा होईल. तुम्हीतरी पहिल्यासारख्या राहिलात का?" ती बाई खाली बसली. मला वाटलं, काय हा दगड माणूस. वर्ग सुटल्यावर ती मुद्दाम थांबली आणि काकांना म्हणाली, "दोन साल झाले, कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, होईल, होईल. आता निदान रोज वाट तरी बघायला नको."

काका गोड माणूस नव्हते. शेजाऱ्यांशी भांडायचे, रिक्षावाल्यांना चारचौघांत झापायचे, माझा एक व्यायाम चुकला म्हणून त्यांनी मला दोन दिवस चहा विचारला नव्हता. पण सगळी कॉलनी त्यांनी तयार करून ठेवली होती. चहाच्या टपरीवाल्याला माहीत होतं की मिलिंद दुसऱ्यांदा चहा मागायला आला तर 'आत्ताच प्यालास' म्हणून हसायचं नाही, नुसतं अर्धा कप द्यायचा. रिक्षा स्टँडवरच्या प्रत्येकाला त्याचं घर माहीत होतं. समोरच्या सलूनचे अन्वरभाई म्हणजे तर काकांचे पट्टशिष्य. काका येताजाता सलूनच्या दारात उभे राहून ओरडायचे, "अन्वर, फिट आली!"

अन्वरभाई कुणाची तरी अर्धी दाढी तशीच सोडून घडाघडा म्हणायचे, "कुशीवर झोपवणार, डोक्याखाली टॉवेल, तोंडात काही घालणार नाही, कांदा नाही, चप्पल नाही, किल्ल्या नाही, घड्याळ बघणार, पाच मिनिटं झाली तर अँब्युलन्स." मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सॉरी हां, साहेबांची ड्रिल आहे." सुरुवातीला अन्वरभाई फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवावी या मताचे होते. त्यावरून दोघांत चार महिने बोलणं बंद होतं.

"एवढं सगळं कशासाठी, काका?" मी एकदा विचारलं. "तुम्ही आहात ना."

"माझ्या माघारीसाठी."

"असं अभद्र बोलू नका."

"मॅडम," ते म्हणाले, म्हणजे चिडले, "आग लागल्यावर पाइप जोडायला शिकायचं असतं का?"

एकच गोष्ट त्यांनी कुणाला शिकवली नाही, सांगितली फक्त, तीही एकदाच. अपघाताच्या दिवशी सकाळी हेल्मेटवरून बापलेकांचं वाजलं होतं. जन्मभर लोकांना सुरक्षिततेवर भाषणं दिलेला बाप आणि ती ऐकून कंटाळलेला पोरगा. मिलिंदने हेल्मेट घातलं, पण बापाला डिवचायला पट्टा लावला नाही. पहिल्या धक्क्यालाच हेल्मेट उडालं. "मी दोन शब्द कमी बोललो असतो तर त्याने लावला असता," काका म्हणाले. मी नेहमीचं बोलले, तुमचा काय दोष वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. शिट्टी वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

आता ती माघारीची ड्रिल. मिलिंदच्या अपघाताला पाच वर्षं झाली होती. एके दिवशी काकांनी जाहीर केलं की ते दोन दिवस चांदवडला आपल्या ताईकडे राहायला जाणार. मिलिंद घरात एकटा राहील. जेवण शेजारून येईल, मी दहाला येईन, अन्वरभाई लक्ष ठेवतील, कुणी मधे पडायचं नाही. "मी नाही असं समजा आणि चालवून दाखवा." खोटं बोलायचं नाही म्हणून ते खरोखरच निघाले. पंचशीलातलं ते चौथं शील ते अगदी अक्षरशः पाळायचे. मिलिंदला समोर बसवून सांगितलं, दाराजवळच्या फळ्यावर लिहिलं, बॅग घेतली आणि चांदवडच्या बसमध्ये बसले. मी स्वतः बघितलं.

मिलिंदने छान निभावलं. फळा वाचायचा, "बाबा चांदवडला गेलेत का? बरं," म्हणायचा. चहा केला, गॅस बंद केला, कुलूप लावून टपरीवर गेला आणि परत आला. दुपारी मला राहवेना म्हणून मी पुन्हा एक चक्कर मारली. कॉलनीच्या फाटकाशी आले तर सलूनच्या दारातून अन्वरभाई मला डोळ्यांनी खुणा करत होते. आत गेले. मधल्या खुर्चीवर गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळून काका बसले होते. पाठ रस्त्याकडे, तोंड आरशाकडे. आरशात कॉलनीचं फाटक स्वच्छ दिसत होतं.

"दोन तास झाले," अन्वरभाई हळूच म्हणाले. "दोनदा दाढी केली, मॅडम. आता तिसऱ्यांदा काय कापू?"

काका चांदवडला उतरले होते. ताईच्या घरी गेलेच नाहीत. स्टँडवर बाकावर बसले आणि मिळेल ती बस पकडून परत आले. मला बघून ते ओशाळले. एवढा कडक माणूस, गालावर साबण सुकलेला, शाळेत पकडल्यासारखा बसला होता. मला हसू आवरेना. तेवढ्यात आरशात मिलिंद फाटकाबाहेर आला, इकडे तिकडे बघितलं, रस्ता नीट ओलांडून टपरीकडे गेला.

"जमतंय त्याला," मी म्हटलं. "पास झाला."

"तो झाला गं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हात कापडाच्या आत अडकल्यामुळे पुसता येत नव्हते. अन्वरभाईंनी टॉवेलने पुसले, दाढी पुसल्यासारखे. मी हसत होते ते थांबलं.

पुढच्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. फुफ्फुसं आधीच धुराने खाल्लेली होती. दवाखान्यात भरती झाले तेव्हा त्यांनी वही मागवून घेतली. त्यांच्या त्या जाड वहीत सगळ्या ड्रिल लिहिलेल्या होत्या. फिट आली तर, रस्ता चुकला तर, चिडून भांडी फेकली तर, गोळ्या संपल्या तर, कुणी फसवून सही मागितली तर. शेवटी चांदवडच्या ताईंचं नाव होतं, त्या येऊन मिलिंदजवळ राहणार होत्या. मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्यात मोठी गोष्ट हिच्यात नाही.

"काका," मी म्हटलं, "तो तुम्हाला विचारेल. रोज विचारेल. तेव्हा आम्ही काय सांगायचं?"

त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "खोटं नको," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण कसं ते मला कळत नाही, पोरी. मी लिहायला बसलो होतो. लिहवत नाही."

सहा वर्षांत मला कळत नाही असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांना धीर द्यायचा होता. मी फक्त मास्क नीट बसवला आणि बाहेर आले.

चार दिवसांनी सकाळी ते गेले. मिलिंदला आम्ही नेलं होतं. त्याने त्यांचा हात धरून ठेवला होता, शेवटपर्यंत. विहारातून भन्तेजी आले, पांढऱ्या कपड्यांत सगळी कॉलनी जमली, त्रिशरण पंचशील झालं. मिलिंद बापासाठी रडला, जसं कुणीही रडेल. घरी येऊन झोपला. उठल्यावर बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा कुठंयत?"

मी सांगितलं. तो खाली बसला आणि पहिल्यांदा ऐकावं तसा रडला. दुसऱ्या दिवशी दहाला मी गेले, त्याने विचारलं, मी सांगितलं, तो तसाच रडला. तेच डोळे विस्फारणं, तेच "कधी? कसे?" एका माणसाचा बाप मी किती वेळा मारायचा? तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा त्याच्या आत्याबाई माझ्याआधी बोलल्या. काकांच्या त्याच ताई, साधी शेतकरी बाई. "गावाला गेल्यात रं बाळा. येतीलच सांजच्याला." आणि मी, शिकलीसवरलेली, मान हलवली. हो, येतील. खूप बरं वाटलं मला.

"मला न सांगता गेले?" मिलिंद म्हणाला.

तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं, पुन्हा फाटक. जेवायला बोलावलं तर "बाबा आल्यावर". चहा करायचा सोडला. कुणाची बाइक थांबली की पुढे व्हायचा. विसरायला त्याला उसंतच नव्हती, कारण वाट बघणं संपतच नव्हतं.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी येत असताना अन्वरभाई सलून सोडून रस्त्यात आडवे आले. "मॅडम, हे काय चाललंय? मी गिऱ्हाइकाला हात लावू शकत नाही. आरशात सारखा तोच दिसतो. रडत होता ते चांगलं होतं. रडून झालं की चहा प्यायला तरी येत होता."

मी घरात गेले आणि आत्याबाईंना म्हटलं, आजपासून खरं सांगायचं. त्या रडायला लागल्या. "पोरी, रोज त्याचा बाप त्याच्या म्होरं मारू? मला नाय व्हायचं. तो माझा भाऊ बी होता."

"तुम्ही नका सांगू. मी दहाला येते. तोपर्यंत विचारलं तर म्हणा, मॅडम सांगतील."

आणि मग वहीतलं ते न लिहिलेलं पान मी लिहिलं. तीन वाक्यं. बसून सांगायचं, त्यालाही बसवून. खांद्यावर हात ठेवायचा. मिलिंद, बाबा गेले. आजारी होते. तू त्यांचा हात धरला होतास. एवढंच, याच शब्दांत. मी नसले तर अन्वरभाई. त्यांनी ती वाक्यं सलूनच्या आरशाला चिकटवली होती. त्यानंतर तो रडेल. रडू द्यायचं, हात मागे.

हात मागे बांधून ते रडणं ऐकणं म्हणजे काय, ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. पावसाळ्यात सांगितलं, दिवाळीत सांगितलं, माझ्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं आणि सूज आलेल्या डोळ्यांनी पाटावर बसले. कधी वाटायचं, हे पुण्य नाही, पाप करतोय आपण. कधी काकांचा राग यायचा. सगळ्या जगाला शिकवलंत आणि नेमकं हेच माझ्या गळ्यात टाकून गेलात. रागाने मी त्यांच्या फोटोकडे न बघता यायचे आणि जायचे. तरी दहा वाजले की पाय तिकडेच वळायचे. हळूहळू रडणं थोडं आखूड झालं, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे, खरंच झालं होतं की मीच निबर झाले होते, कोण जाणे.

थंडी संपत आली होती. एका सकाळी मी दहाला गेले, चप्पल काढली, नेहमीसारखी मनाची तयारी केली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली. मिलिंदने बाही वर केलेली नव्हती. तो माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, बाबा गेलेत ना?"

आतून आत्याबाई भाकरीचा हात तसाच घेऊन दारात आल्या.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते आतच राहिलं. "मला कोणी सांगितलं?"

"मी."

"कधी?"

खोटं बोलायचं नव्हतं. "रोज," मी म्हटलं. "बाबा गेल्यापासून, रोज."

त्याचे ओठ हलत होते, जणू किती ते मोजायचा प्रयत्न करत होता आणि जमत नव्हतं. मग तो उठला, त्याच्या त्या कमजोर उजव्या हाताने कॉटवरची उशी बाजूला सरकवली आणि जागा करून दिली.

"मग तुम्ही बसा जरा, मॅडम," तो म्हणाला. "व्यायाम नंतर करू."